उद्योगम् आणि व्यवसायम्

नोकरीवर रुजू व्हायला गेले त्या दिवशी कचेरीतल्या कारकुनानं माझे कागद चाळले, चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “भर्त एम् चेस्तारु?”

माझं तेलुगू तेव्हा बसस्टँडपुरतं होतं. ‘चेस्तारु’ म्हणजे करतात, एवढं कळलं. आता सकाळी घरून निघताना चुलीच्या आरावर दोन वांगी ठेवून आले होते हे खरं, पण सरकारला ते सांगितलं कोणी? मी चाचरत म्हटलं, “सासूबाई करतील.”

शेजारच्या टेबलावरच्या मॅडम खुर्चीवरून पडायच्याच राहिल्या. हसू आवरल्यावर त्यांनीच सांगितलं, भर्त म्हणजे नवरा. नवरा काय करतो, असं विचारतायत ते. मी म्हटलं, शेती. कारकुनानं लिहिलं ‘व्यवसायम्’. माझ्या नावासमोर लिहिलं ‘उद्योगम्’.

तेलुगूत शेतीला व्यवसायम् म्हणतात आणि नोकरीला उद्योगम्. मराठीत व्यवसाय म्हटलं की दुकान, गल्ला, गल्ल्यावर लक्ष्मीचा फोटो असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आमच्या शेतीत गल्ला नाही, हप्ता आहे. आणि उद्योग हा शब्द आमच्या गावात चांगल्या अर्थानं वापरलेला मी तरी ऐकलेला नाही. पोरानं मोटारपंपाचा फ्यूज काढून भोवऱ्याला बांधला, तर तो उद्योग. म्हातारबुवांनी दोघा भावांत लावून दिली, तो उद्योग. संध्याकाळी घरी येऊन मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, मोठ्या हौसेनं सांगितलं, सरकारी कागदावर माझ्या नावापुढे उद्योग लिहिलंय. त्या वांग्याचं साल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बरं झालं. सरकारलेबी समजलं.”

तेव्हापासून माझी ही दोन कामं आहेत. शाळेतल्या लोकांना वाटतं मी मूळची शेतकरीण, पगारापुरती शाळेत येते. शेतातल्या बायांना वाटतं मी मूळची मास्तरीण, सुट्टीत हौसेनं कापूस वेचते. घरातल्यांचं मत असं, की मी दिवसभर शाळेत बसूनच असते, म्हणजे संध्याकाळपर्यंत माझी विश्रांती झालेली असते. दोन्हीकडे माझे तास असतात, हे मात्र कोणी नाकारत नाही. शाळेतला तास घंटा झाली की संपतो. शेतातला तास एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत असतो, आणि तिथे घंटा वाजवायला शिपाई नाही.

आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे, जैनदच्या अंगाला. पलीकडे यवतमाळ जिल्हा. माझे आजेसासरे ह्याच घरात जन्मले आणि ह्याच घरात गेले. बाजाराचा दिवस सोडला तर शिवाराबाहेर पडले नाहीत, तरी तीन राज्यांत राहून गेले. आधी निजामाचं, मग हैदराबाद राज्य, मग १ नोव्हेंबर १९५६ पासून आंध्र प्रदेश. त्याच वाटणीत आमच्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आणि आम्ही, वाटणीत थोरल्याकडे राहिलेल्या म्हाताऱ्या आईसारखे, इथेच राहिलो. २ जून २०१४ ला तेलंगण झालं. ११ ऑक्टोबर २०१६ ला एका आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. मामंजींच्या चार भावांतली वाटणी याहून जास्त दिवस चालली होती आणि तिच्यात एक बैल अजून वादात आहे. बैल मेला, वाद आहे.

वादाचं म्हणाल तर खरा वाद तिकडे केरामेरी आणि जिवतीच्या मधल्या डोंगरावर. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर अशी डझनभर गावं तेलंगणही आपली म्हणतं आणि महाराष्ट्रही. तिथे दोन राज्यांची रेशनकार्डं, दोन राज्यांची मतदान ओळखपत्रं, दोन राज्यांच्या शाळा. आमच्या स्टाफरूममध्ये ह्या गावांचं नाव निघालं की सगळे हेव्यानं उसासे टाकतात. मला मात्र तिथल्या मास्तरणीची कीव येते. एका सरकारचे तक्ते भरता भरता माझी दमछाक होते, तिच्या दारात कधी दुसऱ्याचाही माणूस कागद घेऊन उभा राहत असेल.

नदीच्या अलीकडच्या ह्या पट्ट्यात, जैनद, बेला, तामसी, तलमडगू, भीमपूर अशा मंडलांत सरकारी मराठी शाळा आहेत. त्यातल्या एकीत मी शिकवते. २०१८ च्या कायद्यानं शाळांत तेलुगू सक्तीचं झालं, २०२२-२३ पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आलं, आणि पोरं आधीपासून आहेत तीच आहेत. घरी कोणी गोंडी बोलतं, कोणी कोलामी, कोणी आमच्यासारखी वऱ्हाडी वळणाची मराठी. वर्गात पुस्तकाची मराठी, फळ्यावर इंग्रजी, परिपत्रकात तेलुगू. भांडण वाढलं की सगळे हिंदीवर येतात, आणि तीही हैदराबादची. पाच भाषांमध्ये ‘मॅडम, ह्यानं मारलं’ हे वाक्य मला ओळखता येतं. भाषातज्ज्ञ म्हणून माझी प्रगती तिथेच थांबली आहे.

गंमत अशी, की तेलुगू पूर्ण परकी असती तर सोपं गेलं असतं. शब्द ओळखीचे असतात आणि अर्थ चोरपावलांनी दुसरीकडे गेलेले असतात. एकदा एक साहेब शाळा बघायला आले. तिसरीच्या पोरांनी पाढे म्हटले. साहेब खूश होऊन मोठ्यानं म्हणाले, “चाला! चाला बागुंदि!” म्हणजे फार, फारच छान. पहिलीच्या पोरांना नेमकं एवढंच ऐकू आलं, की मोठे साहेब ‘चला’ म्हणाले. मी मागे वळून पाहते तर दप्तरं पाठीला लावून अख्खी पहिली फाटकाबाहेर. साहेबांनी विचारलं, हे कुठे चालले? मी म्हटलं, तुम्हीच सोडलं.

जेवणाच्या वेळी याच्या उलट झालं. नवे आलेले तेलुगू सार पोरांच्या पंगतीत बसले. वाढणारी मावशी आमच्या गावची. भाताचा दुसरा डाव पडला तसा सारांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, “चालु, चालु.” चालु म्हणजे पुरे. मावशीला वाटलं, लाजतो बिचारा, पण चालू ठेव म्हणतो. तिनं हात बाजूला सारून चालू ठेवलं. चौथ्या डावाला सार ताट घेऊन उठले आणि मावशी आठवडाभर सांगत राहिली, नवा मास्तर खातो लय, पण मनानं साधा आहे.

आत्याबाईंना मी एकदा आदिलाबादच्या भाजीबाजारात नेलं. कच्च्या फळाला तेलुगूत काय म्हणतात? काय म्हणतात. त्यामुळे वांगं म्हणजे वंकाय, भेंडी म्हणजे बेंडकाय, दोडका बीरकाय, कारलं काकरकाय. भाजीवाली एकेका ढिगावर बोट ठेवून नाव सांगत होती. आत्याबाईंनी चार ढीग ऐकून घेतले. पाचव्याला त्यांचा संयम सुटला. “काय, काय, काय! तुह्या दुकानातलं मी कशी सांगू वो बाई?”

सासूला तेलुगूत अत्त म्हणतात. मराठीत आत्ता म्हणजे ताबडतोब. आमच्या घरी हे दोन्ही अर्थ वेगळे करावे लागत नाहीत. लग्नाला तिकडे कल्याणम् म्हणतात. मराठीतही लग्न झाल्यावर ‘कल्याण झालं’ म्हणतात, स्वर तेवढा वेगळा. आणि शाळेत जगाचा नकाशा आला, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘प्रपंच पटम्’. प्रपंचम् म्हणजे तेलुगूत सगळं जग. मी आपली नकाशात चूल कुठे, गोठा कुठे, आणि पाण्याची टाकी भरायची मोटार कुठे ते बघत उभी. चौथीतल्या एका पोरीनं विचारलं, मॅडम, प्रपंच एवढा मोठा असतो? मी म्हटलं, पुढच्या धड्यात आहे.

शाळा सुरू होते १२ जूनला. मृग लागतो ७ जूनच्या सुमाराला. म्हणजे ज्या आठवड्यात सरकारला पोरं शाळेत हवी असतात, त्याच आठवड्यात घरच्यांना पोरंही शेतात हवी असतात आणि मीही. जूनमध्ये आम्हाला ‘बडी बाटा’ करावी लागते. बडी म्हणजे शाळा, बाटा म्हणजे वाट. घरोघरी फिरून पोरांना शाळेची वाट दाखवायची. पहिल्या वर्षी मी ओसरीवर जाहीर केलं, उद्यापासून बडी बाटा. मामंजी म्हणाले, “मोठं दुकान असलं तं माह्या चपलीचंबी पाहाजो.”

तर ह्या बडी बाटाला निघालं, की गावात माणूस नाही. सगळे सरकी लावायला शेतात. मी एका धुऱ्यावर उभी राहून एका बापाला म्हटलं, पोरीचं नाव टाकायचं ना पहिलीत? तो म्हणाला, टाका ना मॅडम, पण तुम्ही जर इथे उभ्याच आहात तर ह्या टोकाची दोरी धरता का? मी दोरी धरली. त्यानं सरळ रेषेत सरकी टोबली. पोरगी दाखल झाली. सरळ रेषेवरचा माझा पुढचा धडा तिला फार सोपा गेला. पुढे पाऊस आला नाही म्हणून त्याला पुन्हा सरकी लावावी लागली आणि दोरी धरायला पुन्हा मीच, कारण मॅडमचा हात हलत नाही असं गावात झालं होतं.

इकडे घरी आमचे हे रोज सकाळी आभाळाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. त्या बघण्याचा अर्थ ‘आज रजा टाकता येते का’ असा असतो. मीही आधी आभाळाकडे बघते आणि मग त्यांच्याकडे. त्याचा अर्थ ‘नाही’ असा असतो. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर माणसं उगाच शब्द खर्च करत नाहीत.

मदत मात्र सरकार करतं, नाही असं नाही. १० मे २०१८ ला इथे रैतू बंधू योजना सुरू झाली, हंगामाला एकरी ४,००० रुपये. पुढे ते ५,००० झाले, आता रैतू भरोसा नावानं एकरी ६,००० आहेत. रैतू म्हणजे शेतकरी, बंधू म्हणजे भाऊ. जमिनीचं पासबुक मामंजींच्या नावावर, म्हणून पैसे मामंजींच्या खात्यात. म्हणजे सरकार मामंजींचा भाऊ, नात्यानं माझे चुलतसासरे. डोक्यावर पदर घ्यायला घरात आणखी एक माणूस वाढलं, माझ्यापुरता फरक एवढाच. पुढे बंधूचा भरोसा झाला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, भावकीत नातं असतं तवर भरोसा लागत नाही.

बायांसाठी खरी सोय झाली ती बसची. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायांना ‘पल्ले वेलुगू’ आणि एक्सप्रेस गाड्यांत तिकीट नाही. पल्ले वेलुगू म्हणजे खेड्याचा उजेड. आमच्या उजेडात सकाळी पाय ठेवायला जागा नसते. तिकीट नाही म्हणजे तेही खरं नाही. कंडक्टर आधारकार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. पहिली-दुसरीला शून्याची किंमत शिकवायला मी ते वर्गात वापरते. माझी थोरली बहीण नदीपलीकडे पांढरकवड्याला दिलेली. तिकडे महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट. त्यामुळे तिच्याकडे जाताना पैनगंगेच्या पुलापर्यंत मी फुकट असते, पूल ओलांडला की निम्मी होते. आमचे हे दोन्हीकडे पूर्ण भरतात आणि वाटभर गप्प असतात.

बहिणीकडे जाणं मात्र होत नाही, कारण सुट्ट्या. तीही शिक्षिका. तिची शाळा महाराष्ट्राची, म्हणून तिला दिवाळीची लांब सुट्टी. मला दसऱ्याची लांब सुट्टी, आणि दिवाळीला आम्ही दिव्याच्या दिवशी घरी, लगेच पुन्हा फळ्यासमोर. ती मोकळी असते तेव्हा मी शाळेत, मी मोकळी असते तेव्हा ती सहामाही परीक्षेत. एका आईच्या पोटच्या दोन बहिणी, मध्ये एक नदी, आणि भाऊबीज व्हिडिओ कॉलवर. भाऊ म्हणतो, मला बरं, ओवाळणी दोघींना एकदमच दिसते.

दसऱ्याच्या त्या सुट्टीत इथे बतुकम्मा. नऊ दिवस फुलांचा मनोरा रचून बाया भोवती टाळ्या वाजवत फेर धरतात. मनोऱ्यात तरवडाची पिवळी फुलं, आणि गुनुगु. पहिल्या वर्षी शेजारच्या अक्कांनी मला परडी दिली आणि शेतातून गुनुगु आणायला सांगितलं. गुनुगु कसं असतं विचारलं तर त्यांनी जे दाखवलं, ते पाहून मी कपाळाला हात लावला. कुरडू! दोन महिने कंबर मोडून जे कपाशीतून निंदून काढलं, मूठ मूठ शिव्या देऊन धुऱ्यावर फेकलं, ते. आता त्याला रंगवायचं, तबकात मांडायचं आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. निंदायला आलेल्या बायांपैकी एकीनं खुरपं कमरेला खोचून सरळ विचारलं, “मॅडम, हे आधी सांगितलं असतं तं तेवढं ठेवलं नसतं का?” तेव्हापासून आम्ही एक कोपरा निंदत नाही. आमचे हे म्हणतात आळस, मी म्हणते बतुकम्मा.

आणि मग कापूस. ऑक्टोबरच्या शेवटापासून आमचं घर कापसाचं असतं, आम्ही त्यात भाड्यानं राहतो. ओसरीत कापूस, मधल्या खोलीत कापूस, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस. पोरं त्यात उड्या मारतात आणि रात्री खाजवत झोपतात. वह्या तपासायला बसायचं ते गंजीच्या पायथ्याशी. एका वर्षी दुसरीची एक वही गंजीत गेली ती जिनिंगलाच पोचली असणार, कारण पुन्हा दिसली नाही. त्या पोराला मी नवी वही घेऊन दिली आणि त्याच्या आईला मात्र नीट कारण सांगू शकले नाही.

वेचणीला शेतात सीतादही झाली, दही-भाताचा नैवेद्य झाला, की बाया ओट्या बांधून तासाला लागतात. मजुरी किलोवर. संध्याकाळी काटा लावायचा आणि आकडे लिहायचे ते मी, कारण मॅडमचा हिशेब चुकत नाही. चुकत नाही हे खरं, पण वेचणाऱ्या बाया म्हणजे माझ्या वर्गाचा पालकमेळावा. काट्याला गाठोडं लावलं की बाई विचारते, माह्यं पोरगं अभ्यासात कसं हाय? मी खरं सांगायला लागते. ती काट्याकडे बघत सांगते, त्याले गणितात कमी देल्ले ते देल्ले, आता मले तरी पुरे मोजजा. एकीनं तर मला अर्ध्या किलोच्या वादात पेचात धरलं. पोराच्या पेपरात साडेनऊचे दहा करता, मग माह्या साडेनऊचे काहून नाही? ह्याला शिक्षणशास्त्रात उत्तर असेल, माझ्या पदविकेत नव्हतं.

टक्केवारी मात्र माझ्या पाचवीइतकी कोणाची पक्की नसेल. सीसीआय, म्हणजे कापूस महामंडळ, हमीभावानं कापूस घेतं तो ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत असला तर. ८ पर्यंत पूर्ण भाव, पुढे टक्क्याटक्क्याला कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. २०२५-२६ ला लांब धाग्याचा भाव क्विंटलला ८,११० रुपये. मी फळ्यावर गणित घालते, ओलावा १० टक्के, तर शेतकऱ्याच्या हातात किती? ज्या पोरांना आंब्यांच्या टोपल्यांचं गणित जमत नाही ती हे तोंडी करतात. एका पोरानं मात्र मला अडवलं. “मॅडम, तुम्ही म्हणता जास्त टक्के पाडा. आमचे बाबा १४ टक्क्यांनी घरी आले तं जेवले नाही.” २०२५ च्या हंगामापासून विक्रीची पाळी ‘कपास किसान’ ॲपवर लावावी लागते. ॲपचं नाव ऐकल्यावर आमच्या ह्यांनी फोन माझ्या हातात दिला, जसा आजारी माणूस नाडी देतो.

शाळेची हजेरीही आता फोनवर. चेहरा धरला की हजेरी लागते. रविवारी दिवसभर उन्हात वेचणी केली, की सोमवारी फोन मला ओळखत नाही. तोंड धुऊन ये म्हणतात, धुते. पावडर लाव म्हणतात, लावते. एकदा शेवटी डोक्यावरचा शेतातला रुमाल तसाच बांधून फोनपुढे उभी राहिले, तर पट्कन ओळखलं. म्हणजे सरकारदरबारी मी कोण, हे फोनलाही नक्की नाही.

ते नक्की करायची वेळ एकदा आली होती. ६ नोव्हेंबर २०२४ ला तेलंगणात घरोघरीचा कुटुंब सर्वे सुरू झाला. मोजायला आम्ही प्राथमिक शिक्षक. सकाळी शाळा, दुपारी सर्वे, एका घराला ७५ प्रश्न. ज्यानं नोव्हेंबर ठरवला त्याच्या घरी कापूस नव्हता, हे कोणीही सांगेल. गावातली दारं बंद, कुत्री पडवीत. मी फॉर्मांची थैली घेऊन शेतात गेले. बाया म्हणाल्या, विचारा ना, पण उभ्यानं विचारू नका, बरं दिसत नाही. मग त्यांच्याबरोबर तासाला लागले. एक झाड, एक प्रश्न. जमीन किती? चार बोंडं. कर्ज आहे का? हा प्रश्न आला की बाई पुढच्या झाडाकडे सरकायची. संध्याकाळी हिशेब केला तर तीन कुटुंबं भरून झाली होती आणि दुसऱ्याच्या शेतात माझा सहा किलो कापूस फुकट वेचून झाला होता.

शेवटी राहिलं माझंच घर. घरातले सगळे आमच्या शेतात होते, उजेड उतरत आला होता. मी धुऱ्यावर फतकल मारली आणि मामंजींना विचारायला सुरुवात केली. कर्ज? “तुले माहीत नाही काय?” मला माहीत आहे, पण सांगायचं तुम्हाला. “मंग लिही, हाय.” जनावरं? दोन बैल, एक म्हैस, आणि तो वादातला लिहू का? नको. फ्रीज? आहे. त्यात पासबुकं असतात. उंदरांपासून सुरक्षित अशी घरात तेवढी एकच जागा.

मग आला कामाचा प्रश्न. माझ्या नावापुढे काय लिहायचं? आमचे हे म्हणाले, उद्योगम् लिही, पगारपत्रक आहे. मामंजी म्हणाले, व्यवसायम् लिही, उद्या शेतकरी बायांले काही मिळालं तं? दोघांत वाद लागला. सर्वेच्या ७५ प्रश्नांपैकी एकाही प्रश्नावर घरातले लोक एवढे आपुलकीनं बोलले नव्हते. मी तो रकाना तसाच ठेवून आत्याबाईंकडे वळले.

“तुमचं काम काय, आत्याबाई?”

“माह्यं?” त्या वाकलेल्याच होत्या. “माह्यं काय काम व? मी घरीच असतो.”

त्यांची ओटी गळ्यापर्यंत भरलेली होती. त्या दिवसातली ती पाचवी असावी.

“असं नाही लिहिता येत. काहीतरी सांगा.”

“मंग लिही, रिकामी.”

मी लिहिलं, व्यवसायम्. त्यांनी ओटी गाठोड्यात रिती केली, कमरेवर हात ठेवून कागदात डोकावल्या. त्यांना तेलुगू वाचता येत नाही, पण लिहिलंय की नाही एवढं कळतं.

“काय लिहिलं माह्यं?”

“शेती.”

“अन् तुह्यं?”

“उद्योग,” मी म्हटलं आणि तेच लिहिलं.

“खरं हाय ते,” त्या म्हणाल्या, आणि रिकामी ओटी माझ्या मांडीवर टाकली. “आता उजेड हाय तवर तेवढे दोन तास काढून टाक.”

तेवढ्यात फोन वाजला. सर्वेचे सुपरवायझर सार. सगळ्यांचं आलं, तुमचंच राहिलं, अजून किती?

मी म्हटलं, “दोन तास.”

“एका घराला दोन तास?”

“लांब आहेत सार,” मी म्हटलं आणि ओटी बांधली.